काजू युनिट आणि पीएमईजीपी: मशीन बुक करण्याआधी

पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम: नव्या उद्योगाला बँकेचं कर्ज आणि त्यावर सरकारी अनुदान. आमच्याकडे काजू मशीनचं कोटेशन मागताना बहुतेक जण विचारतात, ‘अनुदान हातात कधी पडतं?’ हातात ते पडतच नाही. बँकेत तुमच्या नावे तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि युनिट चालू असल्याची पडताळणी झाली की कर्जात वळतं होतं. या ठेवीला व्याज नाही. पण तेवढ्या कर्जावर बँकही व्याज लावत नाही.

ग्रामीण भागातल्या महिलेचा १२ लाखांचा प्रकल्प धरा. स्वतःचे ५ टक्के म्हणजे ६० हजार, बँकेचे ११ लाख ४० हजार. अनुदान ३५ टक्के, ४ लाख २० हजार. व्याज उरलेल्या ७ लाख २० हजारांवरच. खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला स्वतःचे १० टक्के घालावे लागतात, अनुदान २५ टक्के. शेड ग्रामपंचायतीऐवजी नगरपंचायतीच्या हद्दीत गेली, तर ३५ चे २५ आणि २५ चे १५ होतात. जागा ठरवताना हे आधी बघा. जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत.

काजूत खरा घोळ होतो तो खेळत्या भांडवलात. बी मिळते मार्च ते मे, तीही रोखीने. रोज १०० किलो बी फोडायची तर २५० दिवसांना २५ टन लागते. चालू भावाने गुणून पाहा, १२ लाखांत ते बसत नाही. (गर साधारण पाव हिस्सा, उरलेलं टरफल आणि साल.) मग लोक कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठी लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कर्ज) मर्यादा फुगवून मागतात. नियम असा की तीन वर्षांत एकदा तरी ती पूर्ण वापरली जावी आणि सरासरी वापर ७५ टक्क्यांखाली जाऊ नये; नाहीतर त्या प्रमाणात अनुदान परत जातं. हंगामात मर्यादेपर्यंत उचललेली रक्कम माल विकला गेला की दिवाळीपर्यंत फिटते आणि सरासरी वापर घसरतो. पहिल्या वर्षी तीन-चार महिन्यांचीच बी धरा.

योजनेतलं पहिलं कर्ज नव्या युनिटलाच मिळतं. म्हणून कर्जमंजुरीआधी ॲडव्हान्स देऊ नका, आम्हालाही नको. उत्पादन प्रकल्प १० लाखांवर असेल तर अर्जदार आठवी पास हवा.

अर्ज ऑनलाइन, मोफत; तो ज्यांच्यामार्फत जातो ती संस्था म्हणून जिल्हा उद्योग केंद्र निवडता येतं. ‘पास करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. योजना सध्या चालू आहे का, तेही तिथेच विचारा.

कोटेशनला येताना आधारवरचं नाव जसंच्या तसं, शेडची मापं आणि थ्री फेजचा मंजूर भार घेऊन या. बॉयलर, कटिंग, ड्रायर, सोलणी यांच्या किमती आम्ही जीएसटीसह वेगवेगळ्या लिहून देतो; एकगठ्ठा रक्कम बँका परत पाठवतात.