ट्राउटची खिडकी

हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट धरायला गेलेला नवखा माणूस पहिली चूक करतो ती काठावर ताठ उभं राहण्याची. गळ पाण्यात पडायच्या आधीच मासा दगडाआड गेलेला असतो.

माशाला वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. हवेतला प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं सगळं आकाश जेमतेम ९७ अंशांच्या शंकूत कोंबलं जातं. मासा एक फूट खोल असेल, तर ही खिडकी सव्वादोन फूट रुंद. तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे निव्वळ आरसा, त्यात नदीचा तळच उलटा दिसतो. काठालगतच्या वस्तू खिडकीच्या कडेला चेपल्या जातात. म्हणूनच जाणकार दूर राहतो, गुडघे टेकतो, वाकून चालतो. दहा मीटरवरून बसून टाकणारा माणूस माशाच्या लेखी जवळपास नसतोच.

पण इतक्या दूर टाकायचं काय? पिसं आणि दोरा गुंडाळलेला इवलासा आकडा, म्हणजे नकली माशी. तिला वजन असं नाहीच. आपल्याकडे गळाला शिसं बांधतात. ते पुढे झेपावतं आणि दोरी मागून जाते. इथे सगळं उलट. वजन असतं ते जाड दोरीत. काठी मागे-पुढे झुलवली की दोरीची वळी हवेत उलगडत जाते आणि शेवटी बारीक तंगूसाच्या टोकाची माशी अलगद पाण्यावर टेकते.

खरी परीक्षा त्यानंतर. प्रवाह मध्ये वेगवान, दगडामागे संथ. दोरी वेगवान पट्ट्यात फुगून ओढली गेली की माशी पाण्यावर रेघ ओढत घसरते. खरा कीटक असा कधीच जात नाही, तो वाहत्या पाण्याच्याच वेगाने येतो. ट्राउट तिकडे ढुंकूनही पाहत नाही. (माशी हुबेहूब दिसण्यापेक्षा ती नीट वाहणं महत्त्वाचं, असं मला वाटतं, रंगांवर वाद घालणारे हे मान्य करणार नाहीत.)

हा चोखंदळपणा हिशेबी आहे. ट्राउट दगडामागच्या संथ पाण्यात तरंगत राहतो आणि शेजारचा प्रवाह जे आणेल ते टिपतो. फुकटच्या धावपळीत खाण्यापेक्षा जास्त शक्ती गेली, तर तोटाच. त्याच्या पानातला मोठा वाटा मेफ्लायसारख्या कीटकांचा. महिनोन्‌महिने दगडांखाली अळीरूपात काढायचे, मग पंख फुटून वर यायचं आणि एक-दोन दिवसांत मरायचं, असं मेफ्लायचं आयुष्य. पंख फुटायच्या वेळी शेकडो एकदम वर येतात. तेव्हा ट्राउटची पंगत बसते.

मेफ्लाय सह्याद्रीच्या ओढ्यांतही सापडतात, ट्राउट मात्र नाही. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, पंचविसाला आठाच्या आसपास. पाणी तापलं की माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. विसाच्या वर गेलं की तपकिरी ट्राउटचं खाणं मंदावतं.

तीर्थनचाही तो मूळचा नव्हे. ब्रिटिशांनी १९०० साली स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मीरला आणली, तिथून पुढे तो कुलूकडे आला. तिथला जुना रहिवासी म्हणजे स्नो ट्राउट. हा नावापुरता ट्राउट, कुळाने रोहू-कटल्याच्या गोतातला. आता जागेसाठी त्याला पाहुण्याशी झगडावं लागतं. त्याचं तोंड खालच्या बाजूला, दगडावरचं शेवाळ खरवडण्याजोगं. वरून वाहत येणाऱ्या पिसांच्या माशीशी त्याला सहसा देणंघेणं नसतं.