५६ डिग्रीचं मीम, डांबरावरचं अंडं आणि आपला कूलर

मे महिना लागला की नागपूरच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच मीम फिरायला लागतात, सूर्याने सीताबर्डीत फ्लॅट घेतलाय, कोंबडी डायरेक्ट उकडलेलं अंडं देतेय, नाहीतर कोणाच्या तरी कारच्या डॅशबोर्डवर ५१ आकडा आलाय. मला हे मीम मनापासून आवडतात राजेहो, कारण हसून झालं की त्यातला आकडा पकडून बसलं तर चांगली तासभराची फिजिक्स निघते.

सगळ्यात गाजलेला आकडा म्हणजे ५६. ३० मे २०२४, ऐन नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापलेले नऊ दिवस, आणि रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या ऑटोमॅटिक स्टेशनने ५६ डिग्री दाखवलं, सोनेगावच्या स्टेशनने ५४. देशभर स्क्रीनशॉट फिरले. आता जगातला मान्य झालेला विक्रम ५६.७ चा, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ चा, आणि भारतातला ५१, राजस्थानात फलोदीचा, १९ मे २०१६ चा. म्हणजे नागपूरने एका दुपारीत देशाचा विक्रम पाच डिग्रीने मोडला असता! पण बाकीची दोन स्टेशनं त्याच दिवशी ४४ च्या आसपास होती. शहरातली हवा सतत मिसळत असते, काही किलोमीटरवर बारा डिग्रीचा फरक पडतच नाही. हवामान खात्यानेही नंतर सेन्सर बिघडल्याचं सांगितलं.

मग कारमधले ५१? तो सेन्सर बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरजवळ, रस्त्यापासून हातभर उंचीवर असतो. व्हरायटी चौकात सिग्नलला गाडी उभी असली की खालून डांबर तापवतं आणि मागून इंजिन, वर्धा रोडवर जरा पळाली की आकडा उतरतो. वेधशाळेतला थर्मामीटर त्यासाठीच पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटरवर ठेवतात, आणि आपल्याकडे पेटीचं दार उत्तरेला असतं म्हणजे उघडलं तरी ऊन आत पडत नाही. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश दीपगृह इंजिनियरची. मोजायची असते ती हवा, ऊन नाही.

आता अंडं. पांढऱ्या बलकातली प्रोटीन्स ६२ डिग्रीच्या आसपास घट्ट व्हायला लागतात, पिवळा ६५ च्या पुढे, आणि पांढऱ्यातलं सगळ्यात जास्त असलेलं प्रोटीन तर ८० मागतं. भर दुपारी काळं डांबर ६० च्या वर जाऊ शकतं, म्हणजे कागदावर अर्धं काम झालेलं आहे. पण अंडं फोडलं की त्याच्याखालचा तेवढाच तुकडा गार होतो, डांबरातून उष्णता सावकाश वाहते त्यामुळे खालून नवीन उष्णता लवकर येत नाही, आणि वरून अंड्यातलं पाणी उडत असतं ते आणखी गार करतं. मग कडा जरा पांढरट होतात आणि बाकी सगळा चिकट राडा. कारच्या बॉनेटचा पत्रा उष्णता भरभर पोचवतो, पण तो पातळ, साठवतो किती? खरंच करून बघायचं असेल तर काळा लोखंडी तवा तासभर उन्हात ठेवा आणि वर काचेचं झाकण. डेथ व्हॅलीत २०१३ मध्ये लोकांनी इतकी अंडी जमिनीवर फोडली की पार्कवाल्यांना सांगावं लागलं, बाबांनो भांडं वापरा.

आणि आता मला सगळ्यात आवडतं ते भांडण, मुंबईकर ३५ ला रडतात आणि नागपूरकर ४५ ला तर्री पोहे खातात. ह्यात मी चक्क मुंबईच्या बाजूने आहे. आपली कातडी साधारण ३५ डिग्रीची, हवा तिच्याहून गरम झाली की अंग गार करायला एकच रस्ता उरतो, घाम उडणं. एक लिटर घाम पूर्ण उडाला की साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, नुसत्या बसलेल्या माणसाची सहा-साडेसहा तासांची उष्णता. पण हवेत आधीच पाणी असेल तर तो उडणार कसा? म्हणून थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून मोजतात, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात, पाणी उडून जास्तीत जास्त किती गार करू शकतं तो हा आकडा, जितका कमी तितकं बरं. नागपुरात ४५ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ते येतं साधारण २४. मुंबईत ३५ आणि ६५ टक्के, तर २९! आपला कूलर ह्याच २४ च्या जोरावर चालतो, वाळ्याच्या ताट्या नीट भिजलेल्या असतील तर ४५ ची हवा २८-२९ पर्यंत उतरते, आणि मुंबईत तोच कूलर खोलीत फक्त दमटपणा भरतो.

कोरड्या उन्हात धोका नाही असं मात्र अजिबात नाही. घाम दिसायच्या आत उडून जातो, म्हणून किती पाणी गेलं ते कळतच नाही आणि ऊन लागतं. नुसत्या पंख्याची गरम हवा ४० च्या वर अंग उलट तापवते, तिथे ओलं फडकं पाहिजेच. खिशातला कांदा ह्यातलं काहीच करत नाही.

पण मला खरी काळजी वाटते ती जूनची. पहिली सर पडून गेलेली असते, पारा ३८ वर उतरतो, मीम बंद होतात, आर्द्रता मात्र ५५ टक्के झालेली असते, आणि हिशोब केला तर वेट बल्ब येतो ३०, म्हणजे मेच्या ४५ वाल्या दुपारपेक्षा सहा डिग्री जास्त, मुंबईच्याही वर. कूलर चिकचिक करायला लागतो तो ह्याचमुळे. बांधकामावर, डिलिव्हरीवर असलेल्या पोरांना ते दिवस मेपेक्षा जड जाऊ शकतात, आणि त्यांना कोणी सुट्टी देत नाही कारण आकडा कमी दिसतो. ॲपमध्ये तापमानाच्या खालीच आर्द्रता लिहिलेली असते, जूनमध्ये ग्रुपवर टाकायचा स्क्रीनशॉट तो.