लायन, मॅथ्यू

(१७४९–१ ऑगस्ट १८२२). अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा आरंभीच्या काळातील सदस्य. आधी व्हरमॉन्ट आणि नंतर केंटकी अशा दोन राज्यांतून तो निवडून आला. राजद्रोह कायद्याखाली तुरुंगात असताना मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिले.

लायनचा जन्म आयर्लंडमधील विकलो परगण्यातला. १७६४ मध्ये तो अमेरिकेत आला तो करारबद्ध मजूर म्हणून. प्रवासाचे भाडे त्याने काम करून फेडले. पुढे व्हरमॉन्टमध्ये तो ‘ग्रीन माउंटन बॉइज’ या स्थानिक दलात दाखल झाला आणि स्वातंत्र्ययुद्धात लढला. फेअर हेवन हे गाव त्याने वसवले, तिथे लोखंडाचा कारखाना आणि कागदाची गिरणी काढली. व्हरमॉन्टचा गव्हर्नर टॉमस चिटेन्डन हा त्याचा सासरा.

१७९७ मध्ये तो प्रतिनिधिगृहात पोहोचला, तेव्हा तिथे अध्यक्ष जॉन ॲडम्सच्या फेडरलिस्ट पक्षाचे वर्चस्व होते. लायन त्यांचा विरोधक टॉमस जेफरसनच्या बाजूचा. ३० जानेवारी १७९८ रोजी कनेटिकटचा फेडरलिस्ट सदस्य रॉजर ग्रिस्वोल्ड याने त्याच्या लष्करी कारकिर्दीवरचा जुना कलंक उकरून काढला, तेव्हा लायन त्याच्या तोंडावर थुंकला. त्याला सभागृहातून काढून टाकण्याचा ठराव दोन तृतीयांश मतांअभावी फेटाळला गेला. १५ फेब्रुवारीला ग्रिस्वोल्डने सभागृहातच त्याला काठीने झोडपले. लायनने शेकोटीचा चिमटा उचलला. बहुतेक ठिकाणी त्याची ओळख या मारामारीपुरतीच उरते, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे.

त्याचे खरे महत्त्व पुढच्या खटल्यात आहे. जुलै १७९८ मध्ये राजद्रोह कायदा आला आणि सरकारवर किंवा अध्यक्षांवर बदनामीकारक लिहिणे गुन्हा ठरले. अध्यक्षांना पोकळ थाटामाटाची आणि खुशामतीची हाव आहे, असे लायनने व्हरमॉन्टच्या एका वृत्तपत्राला पत्रातून कळवले होते. पत्र कायद्याआधीचे; छापून आले नंतर. ऑक्टोबरमध्ये न्यायमूर्ती विल्यम पॅटरसन यांच्यापुढे त्याने स्वतःच आपली बाजू मांडली. कायदाच घटनाबाह्य आहे, हा त्याचा मुख्य युक्तिवाद. पण त्यावर निर्णय करण्याचा अधिकार ज्यूरीला नाही, असे न्यायमूर्तींनी बजावले. चार महिने कैद आणि १,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. व्हर्जेन्सच्या थंडगार कोठडीतून तो लिहीत राहिला आणि डिसेंबरच्या निवडणुकीत मोठ्या फरकाने जिंकला. सरकारवर टीका करणाऱ्याला गप्प बसवायला निघालेल्या कायद्याला इतके थेट उत्तर त्या काळात दुसऱ्या कोणी दिले नाही, ते व्हरमॉन्टच्या मतदारांनी दिले. समर्थकांनी वर्गणी काढून दंड भरला आणि फेब्रुवारी १७९९ मध्ये तो सुटला.

अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेफरसन आणि ॲरन बर यांना सारखीच मते पडल्याने १८०१ मध्ये निर्णय प्रतिनिधिगृहाकडे आला; तिथे प्रत्येक राज्याला एकच मत होते. ३६व्या फेरीत व्हरमॉन्टचा दुसरा प्रतिनिधी लुईस मॉरिस तटस्थ राहिला आणि लायनच्या मताने ते राज्य जेफरसनकडे गेले. जेफरसनला त्यानेच अध्यक्ष केले असे काही जण म्हणतात. पण त्याच फेरीत मेरिलंडही जेफरसनकडे वळले होते.

त्यानंतर तो केंटकीतील एडीव्हिल येथे स्थायिक झाला आणि १८०३ ते १८११ या काळात त्या राज्याचा प्रतिनिधी राहिला. पुढे व्यवसायात तो बुडाला. १८२० मध्ये आर्कान्सामधील चेरोकींसाठीच्या सरकारी व्यापारकेंद्रावर त्याची नेमणूक झाली. तिकडेच स्पॅड्रा ब्लफ येथे त्याचे निधन झाले. मुलगा चिटेन्डन लायन हाही पुढे केंटकीतून प्रतिनिधिगृहात गेला.

४ जुलै १८४० रोजी काँग्रेसने कायदा करून लायनचा दंड व्याजासह त्याच्या वारसांना परत केला. १९६४ मध्ये वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या एका गाजलेल्या खटल्यात राजद्रोह कायदा घटनेशी विसंगत होता असे सांगताना सर्वोच्च न्यायालयाने या परतफेडीचा दाखला दिला.