पार्श्वभूमी : ध्यानीमनी नसताना ‘गोड बातमी’

नवरा-बायकोचं बरं चाललेलं असतं. फ्लॅटचे हप्ते सुरू आहेत, तिचं प्रमोशन तोंडावर आहे, आणि एका सकाळी बाथरूममधून दोन रेघा उमटलेली पट्टी बाहेर येते. पुढे काय होणार हे थिएटरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आधी धांदल, मग लपवाछपवी, मध्यंतरानंतर कडाक्याचं भांडण आणि शेवटी पाळणा. तरी सोलापूरच्या रविवारच्या खेळाला सासू, सून, नातवंडं एका रांगेत बसून हसतात. हा मसाला आपल्या पडद्यावर कायमचाच आहे असं वाटावं इतका तो आता रुळलाय. प्रत्यक्षात तो वयाने लहान आहे, आणि तो जन्मला तोच मुळी कुटुंब नियोजनाच्या पोटी.

कारण उघड आहे. ठरवून मूल व्हायला लागल्यावरच न ठरवता झालेल्या मुलाची गंमत होते. सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळात आई आणि लेक एकाच वर्षी बाळंत होणं, मामा भाच्यापेक्षा धाकटा असणं यात कुणाला काही वाटत नसे. शेंडेफळ म्हणून कौतुक व्हायचं, विषय संपायचा.

जिथे वाटायचं तिथे ते हसण्यासारखं नव्हतं. पुण्यात १८६३ साली आणि आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, १८७५ साली बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झालं. विधवेला पुनर्विवाहाची कायदेशीर मुभा १८५६ सालीच मिळाली होती, पण कागदावरची मुभा माजघरापर्यंत पोचलेली नव्हती. दिवस राहिलेल्या विधवेला बाळंतपणासाठी आणि बाळाला जगण्यासाठी जागा हवी, म्हणून ही घरं निघाली. पुढे १९२१ साली मुंबईत र. धों. कर्वे या प्राध्यापकाने संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र काढलं, १९२७ पासून मासिक चालवलं, आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली कोर्टाची पायरी चढून दंडही भरला. ज्या विषयाचा प्रचार या प्राध्यापकाने केला, त्याच विषयाचा देशव्यापी कार्यक्रम सरकारने १९५२ साली हाती घेतला.

तिथून भिंती बोलू लागल्या. लाल त्रिकोण, दोन हसरे चेहरे आई-बापाचे आणि दोन मुलांचे. एसटी स्टँड, सिव्हिल हॉस्पिटल, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिथे चुन्याची भिंत तिथे त्रिकोण. ‘ऑपरेशन’ म्हटलं की कोणतं, हे विचारायची गरज उरली नाही. ‘तांबी’ म्हणजे पाणी प्यायची नव्हे, दिवस राहू नयेत म्हणून बसवायची, हेही घरोघरी कळलं. आणीबाणीत हा कार्यक्रम सक्तीवर आला. तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. त्या धसक्यातून सावरायला वेळ लागला.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतला मराठी विनोदी चित्रपट या बाबतीत मोठा गमतीचा आहे. लांब नाडीच्या चड्डीतला, गिरणगावातून आलेला आपला लाडका नट दादा कोंडके द्व्यर्थी संवादांनी सेन्सॉरला घाम फोडत होता. सोलापुरात त्याच्या सिनेमाला बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसायच्या. पण त्या साऱ्या चावटपणाचं फलित म्हणून कुणाला दिवस जात नसत. विनोद पलंगापर्यंत येई आणि तिथेच थांबे. गरोदरपण हा नायिकेच्या गांभीर्याचा भाग होता. ती मोरीकडे धावायची, डॉक्टर नाडी बघून अभिनंदन करायचे, आणि लग्न झालेलं नसेल तर पार्श्वसंगीतात वीज कडाडायची.

या नियमाला मोठा तडा दिला तो १९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटाने, ज्याचे संवाद आजही पाठ आहेत. त्यात डोहाळेजेवण आहे, झोपाळा आहे, बायका फेर धरून गातात, आणि ‘गर्भवती’ म्हणजे भाड्याच्या खोलीसाठी साडी नेसलेला पुरुष आहे. आज जोडभावी पेठेपासून विजापूर रोडपर्यंत कुठल्याही मंगल कार्यालयात खऱ्याखुऱ्या डोहाळेजेवणाला तेच गाणं लागतं, आणि कुणालाही त्यात विसंगती वाटत नाही. मराठीत गरोदरपणावर पोटभर हसायची सोय झाली ती अशी, पोट खोटं असताना.

खरं पोट आणि खरी अडचण पडद्यावर आली की एक प्रश्न टाळताच येत नाही: ठेवायचं की नाही? याच प्रश्नाशी हे सगळे चित्रपट अडखळतात, म्हणून त्यामागचा कायदा नीट बघायला हवा.

१९७१ पर्यंत आईचा जीव वाचवण्यापुरता अपवाद सोडला तर गर्भपात भारतीय दंड संहितेखाली गुन्हा होता, अगदी त्या बाईसाठीसुद्धा. १९६४ साली केंद्राने समिती नेमली, तिचं अध्यक्षपद महाराष्ट्रातल्या एका मंत्र्याकडे होतं. तिच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, बारा ते वीस आठवड्यांसाठी दोघांचं. त्यात एक स्पष्टीकरण घातलं होतं. विवाहित स्त्रीने किंवा तिच्या नवऱ्याने मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी वापरलेलं साधन फसलं आणि गर्भ राहिला, तर त्यातून होणारा मनस्ताप हा तिच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा मानता येईल.

हे कलम म्हणजे आपल्या विनोदी चित्रपटांची अख्खी पटकथा आहे! साधन फसलं, जोडपं गोंधळलं, आता काय? सरकारने ही शक्यता लोकसंख्येच्या हिशेबातून लिहिली होती, स्त्रीच्या मर्जीचा विचार त्यात ओघाने आला. म्हणून शब्द ‘विवाहित’ हा होता, आणि तो पन्नास वर्षं तसाच राहिला. अविवाहित मुलीचं साधन फसत नाही, असाच जणू कायद्याचा समज होता. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले, वीस आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत पुरेसं ठरलं आणि काही ठरावीक स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर गेली. या ठरावीक स्त्रियांत अविवाहिता येतात की नाही यावर पुन्हा घोळ झाला. तो २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मिटवला: येतात.

आणखी एक गोष्ट कायद्यात १९७१ पासून आहे आणि सिनेमावाल्यांना ती अजून सापडलेली दिसत नाही. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची सही लागत नाही. दवाखान्यात ती सर्रास मागतात, पण कायदा मागत नाही. आपल्याकडच्या चित्रपटांत मात्र फॉर्मवर सही करताना नवऱ्याचा हात थरथरतो, पेन खाली पडतं, व्हायोलिन सुरू होतं. निर्णय तिचा, आणि क्लोजअप त्याचा.

दुसऱ्या बाजूचंही म्हणणं आहे, तेही नोंदवतो. निर्माते म्हणतात की गर्भपाताने संपणारी कॉमेडी सहकुटुंब कोण बघणार, आणि पाळणा हलला नाही तर तिकीटबारी हलत नाही. धंद्याच्या दृष्टीने यात तथ्य असेल. पण शेवट पाळण्याचा करायला कुणाची ना नाही. तक्रार आहे ती तपासणीच्या खोलीतून दोन मिनिटांत बाहेर पळण्याची. ज्या देशात ही गोष्ट पन्नास वर्षं कायदेशीर आहे, तिथे पडद्यावर तिचा उच्चार अजून पाप लागल्यासारखा होतो. आमच्या पेठेतल्या बायका ‘पिशवी साफ करून आले’ हे वाक्य विड्या वळता वळता बोलतात.

मेलबर्नमध्ये लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्याची हिंदी गोष्ट, ‘सलाम नमस्ते’, २००५ साली आली, तेव्हा एकत्र राहण्याचीच चर्चा जास्त झाली. खरी कोंडी फुटली ऑक्टोबर २०१८ मध्ये, ‘बधाई हो’ या हिंदी चित्रपटाने. दिल्लीतल्या रेल्वे कॉलनीत राहणारा तिकीट तपासनीस, लग्नाच्या वयाचा मुलगा, आणि आईला दिवस. अपघात तरुण जोडप्याचा नव्हता, आई-बापाचा होता, आणि लाज वाटत होती ती मुलांना. सोलापूर म्हणजे मध्य रेल्वेच्या विभागाचं ठिकाण, त्यामुळे क्वार्टर्समधली ती गॅलरी, तो गणवेश इथे कुणाला समजावून सांगावा लागला नाही. निर्णयाचा प्रसंग तिथेही लवकर उरकला, पण सासूच्या एका तडाखेबंद भाषणाने चित्रपट तरला. निखळ मनोरंजनाचा आणि सहायक अभिनेत्रीचा असे दोन राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाले. त्याच डिसेंबरात मराठीतल्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ या लोकप्रिय चित्रपट-मालिकेच्या तिसऱ्या भागात नायक-नायिकेला बाळाची चाहूल लागली, आणि वर्षभराने हिंदीत कृत्रिम गर्भधारणेतल्या अदलाबदलीवर विनोद झाला.

नाडी बघणारा डॉक्टर आता गेला, त्याच्या जागी घरच्या घरी तपासणीची पट्टी आली. सरकारी पट्टी तर आशाताई पिशवीतून दारात आणून देतात. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर ठोके दिसतात आणि नायक विरघळतो. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सगळ्यात आधी केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. सोनोग्राफी सेंटरच्या दारात तशी पाटी असते. डोहाळेजेवणाला मात्र दोन झाकलेल्या वाट्या पुढे येतातच, एकीत पेढा, एकीत बर्फी, आणि पेढा निघाला की टाळ्या जरा जोरात पडतात. या प्रसंगावर खवचट विनोद करणारा चित्रपट निघायला हरकत नव्हती. निघतात ते तो गोड रंगात चित्रित करतात.

‘सहकुटुंब’ म्हणजे किती वर्षांच्या पोरासह, हे ठरवायला चित्रपट कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या चित्रपटाच्या, प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन टप्पे केले. त्याने लेखकांची धिटाई वाढेल अशी आशा आहे, फार नाही.

आणि विषय हवाच असेल तर तो जिल्ह्यातच पडून आहे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेला माणूस महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा सदस्य राहू शकत नाही. २००५ सालच्या नियमांनी सरकारी नोकरीलाही दोन मुलांची अट आली. पंचायतीसाठी अशी अट घटनाबाह्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाच्या प्रकरणात २००३ साली सांगितलं. दिल्लीच्या त्या तिकीट तपासनिसावर देश हसत होता त्याच महिन्यात, तिसरं मूल दत्तक दिलं तरी अपात्रता टळत नाही, असंही न्यायालयाने ओडिशाच्या एका सरपंचाला सुनावलं. आता माढा किंवा बार्शीकडचं एखादं गाव घ्या. नुकताच निवडून आलेला सरपंच, दोन मुली, तांबी फसलेली बायको, आणि जन्मनोंदीच्या रजिस्टरवर डोळा ठेवून बसलेला पडलेला उमेदवार. इथे दवाखान्याचा प्रसंग दोन मिनिटांत उरकता येणार नाही, कारण खुर्ची त्याची जाणार आहे आणि निर्णय, कायद्याने, तिचा आहे.