पायाखालचा चेहरा: छळाच्या कथा आणि वाचकाची श्रद्धा

टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात धातूच्या काही लहान पट्ट्या जतन केलेल्या आहेत. त्यांवर येशू ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमा उठावात घडवलेल्या आहेत, पण काही पट्ट्यांवर चेहऱ्याच्या जागी आता जवळजवळ गुळगुळीत धातूच उरला आहे. १६१४ साली जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि पुढे संशयितांना ओळखण्यासाठी अशा प्रतिमांवर पाय देऊन चालण्याची सक्ती सुरू झाली. नागासाकीत तर हा दरवर्षीचा शिरस्ता होऊन बसला. या प्रतिमेला जपानी भाषेत ‘फुमि-ए’, म्हणजे तुडवण्याचे चित्र, असे नाव आहे. जो पाय ठेवायला कचरे तो ख्रिस्ती ठरे, आणि मग त्याच्या वाट्याला यातना किंवा मृत्यू येई.

जपानी कादंबरीकार शुसाकु एन्दो यांनी १९६६ साली याच काळावर कादंबरी लिहिली, तेव्हापासून जगभरच्या वाचकांनी ती प्रतिमा आपापल्या पायांखाली अनुभवली आहे. त्यांतल्या बहुतेकांवर तसा प्रसंग कधी येणार नाही. तरीही छळ सोसणाऱ्या विश्वासणाऱ्यांच्या कथा वाचून आपली श्रद्धा अधिक खोल झाली, असे अनेक ख्रिस्ती वाचक सांगतात. पुस्तक मिटल्यावर भावनेचा उमाळा ओसरतो हे खरे, पण त्याच्या मागे काहीतरी टिकून राहत असेल, तर ते नेमके काय असते, याचा काही अंदाज मानसशास्त्रातल्या प्रयोगांवरून बांधता येतो.

वाचक कथेत जणू प्रवासाला जातो आणि परततो तेव्हा थोडा बदललेला असतो, ही उपमा रिचर्ड गेरिग यांनी १९९३ मध्ये मांडली. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी २००० साली ती प्रयोगाने तपासली. त्यांनी वाचकांना एका लहान मुलीच्या खुनाची कथा दिली, ती वाचताना वाचक किती गुंगून गेला हे प्रश्नावलीने मोजले आणि मग कथेत जिथे काही खोटे वाटले तिथे पेनने गोल करायला सांगितले. जे वाचक कथेत अधिक बुडाले होते त्यांनी कमी गोल केले, आणि त्यांची मतेही कथेच्या अंगाने अधिक झुकलेली आढळली. कथा खरी आहे की काल्पनिक, हे आधी सांगितल्याने मात्र फारसा फरक पडला नाही. प्रवचन ऐकताना मनात आपोआप उभे राहणारे ‘पण’ आणि ‘परंतु’ कथेत गुंतलेल्या माणसाच्या मनात तितक्या लवकर येत नाहीत, असा याचा अर्थ घेता येतो.

हे गुंतणे नुसते मनोराज्य नसते. निकोल स्पीअर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले, की कथेतले पात्र एखादी वस्तू हाती घेते तेव्हा वाचकाच्या मेंदूतले पकडण्याच्या हालचालीशी संबंधित भाग सक्रिय होतात आणि पात्र नव्या जागी गेले की जागेची जाण ठेवणारे भाग जागे होतात. किथ ओटली कथेला मनात चालणारी रंगीत तालीम मानतात, त्यामागेही हाच विचार आहे. तुरुंगाचे दार वाजते, अधिकारी एकच वाक्य उच्चारायला सांगतो, ते उच्चारले की सुटका, शेजारच्या कोठडीत आपले मूल रडते आहे: अशा प्रसंगाची तालीम करताना वाचकाला ‘माझा विश्वास आहे’ या नेहमीच्या वाक्याची किंमत प्रथमच विचारली जाते. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी धार्मिकतेचे जे दोन प्रकार सांगितले, सोयीसाठी किंवा समाजासाठी पाळलेली आणि स्वतःच जगण्याचे कारण झालेली, त्यांपैकी आपली कोणती, हा प्रश्न एरवी उपासनेच्या रांगेत बसून सुचत नाही. तो अशा पानावर सुचतो.

इथे एक अडचण उभी राहते, आणि मला वाटते साऱ्या विषयाचे मर्म तिच्यातच आहे. मानवशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक यांनी २००९ साली असे मांडले, की माणसे इतरांच्या केवळ शब्दांवर विश्वास ठेवत नाहीत. बोलणारा आपल्या बोलण्यापायी काय गमावायला तयार आहे, हे ती पाहतात. रक्तसाक्षींचा, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यांचा, प्रभाव त्यांनी याच सूत्राने समजावला: जो माणूस जीव देतो, त्याचा विश्वास दिखाऊ नाही याबद्दल पाहणाऱ्याला शंका उरत नाही. पण कादंबरीतले पात्र काहीच गमावत नाही. त्याचे रक्त म्हणजे शाई, आणि लेखकाला वाटले तर पुढच्या प्रकरणात तो त्याला जिवंतही करू शकतो. मग या खोट्या किमतीने वाचक का हलतो?

एक उत्तर असे, की अशा कथा इतिहासाकडून पत उसनी घेतात. २०३ साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात पर्पेतुआ नावाची साधारण २२ वर्षांची आई तिच्या विश्वासापायी तुरुंगात पडली. तिने स्वतः लिहिल्याचे मानले जाणारे तुरुंगातले टिपण आजही वाचायला मिळते. म्हातारा बाप पुन्हा पुन्हा येऊन माघार घेण्यासाठी विनवतो, अंगावरच्या बाळाच्या काळजीने ती झुरते, आणि बाळ जवळ आणून दिल्यावर तीच कोठडी तिला राजवाड्यासारखी वाटू लागते. हा तपशील कोणा कादंबरीकाराने रचला असता तर कदाचित भाबडा वाटला असता. चांगल्या कथेतल्या काल्पनिक कैद्यामागे असे खरे कैदी उभे असतात, आणि वाचकाला ते ठाऊक असते.

दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. पात्राला किंमत मोजावी लागत नसली, तरी ती किंमत जड आहे हे लेखकाला दाखवता येते, आणि ते तेव्हाच दिसते जेव्हा पात्र डगमगते. जो नायक हसतमुखाने चितेवर चढतो, ज्याला रात्री घाम फुटत नाही, ज्याचा छळ करणारा नुसताच राक्षस असतो, त्याने नेमके काय गमावले हे वाचकाला उमगत नाही. त्याच्याबद्दल आदर वाटतो आणि पुस्तक फळीवर जाते. या प्रकारातल्या बऱ्याच कादंबऱ्या इथेच फसतात, असे माझे स्पष्ट मत आहे. शुभवर्तमानांनी, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांनी, ही चूक केलेली नाही. येशूच्या शिष्यांमधला आघाडीचा पेत्र अंगणात शेकोटीपाशी शेकत बसलेला असताना एका दासीच्या साध्या प्रश्नाने गळपटतो, येशूला ओळखत असल्याचे तीनदा नाकारतो, आणि कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन रडतो. एन्दो यांच्या कादंबरीतही वाचकाच्या मनात घर करतो तो पुन्हा पुन्हा प्रतिमेवर पाय ठेवणारा आणि पुन्हा पुन्हा क्षमा मागायला परत येणारा भित्रा गावकरी.

एका व्यक्तीवर रोखलेल्या नजरेचा गुणही इथे कामी येतो. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांच्या २००७ च्या अभ्यासात, आफ्रिकेतल्या माली देशातल्या एका सात वर्षांच्या मुलीची माहिती देऊन मदत मागितली तेव्हा लोकांनी जास्त पैसे दिले, पण त्याच माहितीला उपासमारीची आकडेवारी जोडताच देणगी घटली. छळाच्या बातमीत आकडा असतो, कादंबरीत चेहरा असतो, आणि ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याला चेहरा असला की प्रार्थना निराळी होते.

अर्थात कथेच्या शक्तीबद्दल फार मोठे दावे करू नयेत. साहित्याचा एखादा उतारा वाचताच दुसऱ्याचे मन ओळखण्याची क्षमता वाढते, असा २०१३ मध्ये गाजलेला निष्कर्ष पुढच्या पुनर्तपासण्यांत टिकला नाही. मथाइस बाल आणि मार्टाइन व्हेल्टकाम्प यांच्या त्याच वर्षीच्या प्रयोगांत आठवडाभरानंतर सहानुभूती वाढलेली आढळली, पण ती कथेत भावनेने गुंतलेल्या वाचकांमध्येच. म्हणजे कर्तव्य म्हणून उरकलेल्या वाचनाकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. मार्कस अपेल आणि टोबियस रिख्टर यांनी २००७ मध्ये दाखवले, की कथेतून मनात शिरलेली मते दोन आठवड्यांनी आणखी पक्की होतात. कारण मत लक्षात राहते आणि ते कुठून आले हे विसरायला होते. हे दुधारी आहे. वाचकाने कथेतून करुणा घेतली असेल तर ती मुरेल, आणि ‘आपल्याविरुद्ध सारे जग टपले आहे’ ही भावना घेतली असेल तर तीही तशीच मुरेल. स्वतःला होणारी साधी गैरसोयही छळ वाटू लागलेला वाचक श्रद्धेने खोल झाला, असे मी तरी म्हणणार नाही.

मार्च १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावचे काही लोक आले आणि त्यांनी बर्नार्ड पतिझाँ या फ्रेंच धर्मगुरूला हलक्या आवाजात सांगितले, की आम्हीही तुमच्याच श्रद्धेचे आहोत. बंदीला अडीचशे वर्षे झाली होती, ती उठायला आणखी आठ वर्षे होती, आणि मधल्या पिढ्यांत त्यांच्याजवळ एकही धर्मगुरू नव्हता. ज्यांनी पाय ठेवायला नकार दिला त्यांतले कितीतरी मारले गेले. चर्चच्या दारात उभे असलेले हे लोक बहुतांशी त्या दुसऱ्यांचे वंशज होते, ज्यांनी वर्षानुवर्षे प्रतिमेवर पाय ठेवला आणि घरी परतून दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली.