येशूचं सोबत असणं आणि ते जाणवणं

रविवारची उपासना संपली की चर्चच्या दारात हमखास कानावर पडतं, "आज प्रभूची उपस्थिती फार जाणवली!" बोलणाऱ्याच्या मनात गायन असतं, प्रार्थना असते, भरून आलेले डोळे असतात. त्यात वावगं काही नाही. घोळ होतो पुढच्या रविवारी. त्या दिवशी आत काहीच हलत नाही, आणि मग माणूस ठरवून टाकतो की आज प्रभू आला नव्हता, किंवा आपलंच काहीतरी बिनसलंय.

येशूचं सोबत असणं ही एक गोष्ट आणि ते आपल्याला जाणवणं ही दुसरी. पुष्कळदा दोन्ही हातात हात घालून येतात, म्हणूनच त्यांची गल्लत होते.

पहिलीचा पाया वचन आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाचं अगदी शेवटचं वाक्य, "युगाच्या समाप्तीपर्यंत मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे," आपल्याकडे घराघरांत भिंतीवर लावलेलं असतं. त्याच्या तीनच ओळी आधी काय लिहिलंय ते मात्र कोणी फ्रेम करत नाही: पुनरुत्थित येशूला पाहून शिष्यांनी नमन केलं, पण काहींना संशय वाटला. म्हणजे संशयात असलेल्यांनाही धरूनच ते वचन दिलं गेलं. ही उपस्थिती पवित्र आत्म्याच्या द्वारे आहे, असं सगळेच पंथ मानतात. मिस्सातल्या, म्हणजे प्रभूभोजनाच्या उपासनेतल्या, भाकर-द्राक्षारसात ती नेमकी कशी, यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट चारशे-पाचशे वर्षं वाद घालत आलेत. तरी उपासकाला त्या दिवशी कसं वाटतंय यावर येशूचं येणं-न येणं ठरतं, असं त्यांच्यातला कोणीच शहाणा शिक्षक म्हणत नाही.

जाणीव मात्र येते नि जाते. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य येशूबरोबरच चालत होते, बोलत होते, तरी त्यांनी त्याला ओळखलं नाही. भाकर मोडताना ओळख पटली, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा झाला. वाटेत मन कसं पेटलं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं ते नंतर.

सेवेच्या बाबतीत हा फरक आणखी टोकदार होतो. मत्तय २५ मधल्या न्यायाच्या दृश्यात भुकेल्याला जेवू घालणारे नीतिमान लोक राजालाच, म्हणजे येशूलाच, विचारतात, "आम्ही तुला केव्हा भुकेला पाहिलं?" सेवा करताना त्यांना काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. आणि सातव्या अध्यायात याच्या बरोबर उलट चित्र आहे. तुझ्या नावानं संदेश दिले, भुतं काढली, असं छातीठोक सांगणाऱ्यांना उत्तर मिळतं की मी तुम्हाला कधी ओळखतच नव्हतो. साक्ष देण्याच्या कार्यक्रमांत हे दोन अध्याय लागोपाठ वाचायला हवेत, असं मला फार वाटतं.

या फरकाचं सगळ्यात ठळक उदाहरण मदर तेरेसांचं. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत त्यांना हाक आली: गरिबांतल्या गरिबांकडे जा. पुढचे काही महिने त्यांना येशूचा सहवास अगदी जवळून लाभला. १९४८ मध्ये त्या कॉन्व्हेंट सोडून कलकत्त्याच्या वस्त्यांत उतरल्या, १९५० मध्ये त्यांच्या संस्थेला मान्यता मिळाली, आणि साधारण त्याच सुमाराला आतला दिवा विझला. प्रार्थनेत कोरडेपणा, देव आपल्याला नको म्हणतोय असं वाटणं. १९५८ मध्ये पोप बारावे पायस यांच्यासाठी झालेल्या मिस्सात त्यांनी खूण मागितली, तेव्हा काही आठवडे अंधार हटला आणि परत आला. १९९७ मध्ये त्या गेल्या तोवर तो तसाच होता. हे ठाऊक होतं ते आर्चबिशप आणि मोजक्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना. त्यांना लिहिलेली पत्रं नष्ट करा असं मदरनी सांगितलं होतं, तरी २००७ मध्ये ती छापली गेली आणि 'बाई ढोंगी होती' इथपर्यंत लोकांची मजल गेली.

ढोंगाचा आरोप करणारेही तीच गल्लत करत होते.

याचं उत्तर मदरना खूप आधी मिळालं होतं, आणि देणारे होते आपल्या पुण्याचे. फादर जोसेफ नॉयनर हे मूळचे ऑस्ट्रियाचे, जेजुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू. पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं ईश्वरविज्ञान शिकवलं. १९६१ च्या सुमारास मदरनी त्यांच्यापुढे मन मोकळं केलं. फादरांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: यावर माणसाकडे इलाज नाही, तेव्हा दोष स्वतःकडे घेऊ नका. येशू जाणवणं हाच काही तो असल्याचा एकमेव पुरावा नव्हे. तुम्हाला त्याची जी तहान लागलीय तीच त्याच्या लपलेल्या उपस्थितीची खूण आहे. आणि हा अंधार तुमच्या कामाचाच भाग समजा, कारण ज्यांच्यात तुम्ही राहता त्यांनाही आपण कुणालाच नको आहोत असं वाटतं. त्यानंतर मदरनी त्यांना लिहिलं की अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला या अंधारावर प्रेम करता येऊ लागलंय. त्यांच्या सिस्टर्सच्या प्रत्येक चॅपलमध्ये क्रुसाशेजारी येशूचे शब्द लिहिलेले असतात, 'मला तहान लागली आहे'. ते वाचताना हे पत्र आठवल्याशिवाय राहत नाही.

आता पुणे जिल्ह्यातलं केडगाव, जिथे जाणीव भरभरून होती. १९०५ च्या जूनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जाणिवेचा नुसता पूर आला होता. मुली रडत होत्या, तासन्‌तास प्रार्थना करत होत्या. एका मुलीवर खरोखरच आग उतरलीय असं वाटून पाण्याची बादली आणायला धावाधाव झाली, असं त्या काळच्या वर्णनांत येतं. हे सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण बादलीची गोष्ट सांगणारे पुढची सतरा वर्षं सांगत नाहीत. रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणत बसल्या होत्या, आणि मुक्तीतल्याच बायका छापखान्यात त्याचे खिळे जुळवत होत्या. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. खिळे जुळवताना रोज अंगावर रोमांच येत असतील, असं मला तरी वाटत नाही.

कोरडेपणाला सरसकट 'आत्म्याची काळोखी रात्र', म्हणजे देवानंच नेलेला आध्यात्मिक अंधार, म्हणणं हाही एक घोळच. झोप नाही, जेवण जात नाही, कशातच रस उरला नाही, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही गाठावा. खरा मार्गदर्शक ते आधी विचारतो.

रोजच्या व्यवहारासाठी जेजुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा एक जुना नियम उपयोगी पडतो. मन कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. त्याची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही: मन उचंबळून आलेलं असताना घाईनं नवस-शपथाही घेऊ नयेत. शिबिराच्या शेवटच्या रात्री, कीबोर्ड मंद वाजत असताना, "पूर्णवेळ सेवेला कोण येणार?" म्हणून हात वर करायला लावणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. आणि हात वर केलेल्या मुलांना महिन्याभरानं, एखाद्या साध्या मंगळवारी, पुन्हा विचारावं.