यूआरएल राउटिंगमधील दोषशोधन (जँगो)

ब्राउझरकडून आलेल्या विनंतीचा पत्ता पाहून ती कोणत्या फंक्शनकडे सोपवायची हे ठरवणाऱ्या वेब फ्रेमवर्कमधील व्यवस्थेला यूआरएल राउटिंग म्हणतात. प्रस्तुत नोंद पायथन भाषेतील जँगो या फ्रेमवर्कपुरती असून, ही व्यवस्था बिघडल्यास दोष कोठे शोधावा हा तिचा मुख्य विषय आहे.

वेबवरील पत्ता आणि सर्व्हरवरील फाइल यांची फारकत प्रथम कोठे झाली याविषयी एकमत नाही. सीजीआय या पद्धतीत, म्हणजे विनंती आली की सर्व्हरने वेगळा प्रोग्राम चालवण्याच्या जुन्या रीतीत, प्रोग्रामच्या नावापुढे उरलेला पत्ता त्या प्रोग्रामला वेगळा मिळत असे. काही जण राउटिंगचे बीज तेथे पाहतात. दुसऱ्या मतानुसार १९९६ मध्ये राल्फ एंगेलशाल यांनी अपाचे सर्व्हरसाठी लिहिलेले, रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकुराचा नमुना सांगणाऱ्या सांकेतिक ओळीच्या) नियमांची यादी क्रमाने लावून पत्ते बदलणारे मॉड-रीराइट हे खरे पूर्वरूप होय. तिसरे मत झोप (Zope) या पायथन ॲप्लिकेशन सर्व्हरकडे बोट दाखवते. त्यात पत्त्यातील प्रत्येक तुकड्यासरशी एका ऑब्जेक्टमधून पुढच्या ऑब्जेक्टमध्ये शिरले जाते. जँगोत मात्र असा ऑब्जेक्टवृक्ष नसून वरून खाली वाचली जाणारी पॅटर्नची, म्हणजे पत्त्यांच्या नमुन्यांची, यादी असते आणि हे पॅटर्न दीर्घकाळ रेग्युलर एक्स्प्रेशनच्याच रूपात लिहिले जात, त्यामुळे भाषा एक असली तरी जँगोचे नाते झोपपेक्षा मॉड-रीराइटशी जवळचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स येथील वृत्तपत्राच्या कचेरीत एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनी पीएचपी ही भाषा सोडून पायथन स्वीकारली, ती २००३ च्या सुमारास. त्यातून घडलेले जँगो जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. डिसेंबर २०१७ मधील २.० आवृत्तीत पॅटर्न लिहिण्याची ‘पाथ’ ही सोपी रीत आली. जुने ‘यूआरएल’ फंक्शन ४.० आवृत्तीत काढून टाकण्यात आले, आणि जुन्या प्रकल्पांची आवृत्ती वाढवताना पहिली त्रुटी बहुधा याच ठिकाणी उद्भवते.

दोषशोधनात प्रथम ४०४ (पान सापडले नाही) हे उत्तर कोणी दिले याचा निर्णय करावा लागतो. एकही पॅटर्न न जुळल्यास ते राउटर देतो. पॅटर्न जुळून व्ह्यूला (विनंती हाताळणाऱ्या फंक्शनला) डेटाबेसमध्ये नोंद न सापडल्यास ते व्ह्यू देतो. वापरणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. डीबग ही त्रुटींचा तपशील दाखवणारी सेटिंग चालू असल्यास त्रुटीच्या पानावर तपासलेले पॅटर्न क्रमाने दिसतात. यादीत जो पॅटर्न आधी जुळेल तोच निवडला जातो, पुढचे पाहिले जात नाहीत. ‘लेख/’ नंतर कोणताही शब्द स्वीकारणारी ओळ ‘लेख/संग्रह/’ या ओळीच्या वर असली, तर ‘संग्रह’ हेच एखाद्या लेखाचे नाव समजले जाते आणि दोष राउटिंगचा असूनही ४०४ व्ह्यूकडून येते. प्रश्नचिन्हानंतरचा भाग आणि गेट (पान मागणे) किंवा पोस्ट (फॉर्मचा मजकूर पाठवणे) ही विनंतीची पद्धत जुळवणीत धरली जात नाही. पॅटर्नच्या आरंभी स्लॅश देणे, तसेच पॅटर्नची दुसरी यादी जोडणाऱ्या ‘इन्क्लूड’च्या रेग्युलर एक्स्प्रेशनला शेवटी डॉलरचिन्ह लावणे, या चुकांची सूचना ‘चेक’ ही आज्ञा आपणहून देते. ती चालवून न पाहताच शोधाला लागण्याची प्रथा आढळते, हे नवलच.

अंती स्लॅश नसलेला पत्ता जुळला नाही आणि स्लॅश जोडल्यावर जुळत असेल, तर जँगो ३०१ या संकेताने नव्या पत्त्याकडे वळवते. अशा वेळी ब्राउझर पोस्टऐवजी गेट विनंती पाठवतात व फॉर्ममधील मजकूर वाटेत गळतो. डीबग चालू असता अशा पोस्ट विनंतीवर थेट त्रुटी दाखवली जाते.

देवनागरी पत्त्यांबाबतचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. स्लग म्हणजे पत्त्यात वापरायचे लेखाचे छोटे नाव, आणि कन्व्हर्टर म्हणजे पत्त्यातील तुकडा कसा असावा हे ठरवणारा घटक. जँगोचा ‘स्लग’ कन्व्हर्टर केवळ रोमन अक्षरे, इंग्रजी अंक, जोडरेघ व अधोरेघ स्वीकारतो. पूर्णांकासाठीच्या ‘इंट’ कन्व्हर्टरला देवनागरी ‘१२’ चालत नाही, मात्र रेग्युलर एक्स्प्रेशनमधील ‘कोणताही अंक’ या चिन्हाला (\d) तो चालतो. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘शब्दातील अक्षर’ या वर्गात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त मोडत नाहीत. परिणामी मजकुरावरून स्लग बनवणारे ‘स्लगिफाय’ हे फंक्शन युनिकोडची मुभा देऊन चालवले असता ‘पुणे’ व ‘पाणी’ या दोन्हींची स्लग ‘पण’ अशी होते. मुभा न दिल्यास स्लग रिकामीच राहते आणि तिच्यावरून दुवा बनवताना ‘नो-रिव्हर्स-मॅच’ ही त्रुटी येते. यावर स्वतंत्र कन्व्हर्टर लिहून त्यात युनिकोडमधील देवनागरीचा १२८ स्थानांचा पट्टा घालणे हा रूढ उपाय होय, परंतु तो अपुरा आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील जोडाक्षर ‘ऱ’ला हलन्त लावून टंकता येते, तसेच साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे अदृश्य जोडचिन्ह घालूनही टंकता येते. हे जोडचिन्ह त्या पट्ट्याबाहेरचे आहे. शिवाय युनिकोडचे प्रमाणीकरण ही दोन रूपे एक करीत नाही, म्हणून जोडचिन्हाला वाट दिली तरी जतन केलेल्या व टंकलेल्या स्लगमध्ये तफावत राहून ४०४ येऊ शकते. स्लग साठवताना व शोधतानाही एकच रूप ठेवावे लागते.

ॲप्लिकेशन उपमार्गावर, म्हणजे संकेतस्थळाच्या मूळ पत्त्यापुढील एखाद्या भागाखाली, बसवल्यास पुढील सर्व्हर तो उपमार्ग कापून पत्ता देतो की कापल्याविना, हे पाहावे. न कापल्यास सर्वच पॅटर्न चुकतात. कापूनही जँगोला कळवला नाही, तर आलेले पत्ते जुळतात, पण जँगोने बनवलेल्या दुव्यांत उपमार्ग नसतो. तो ‘फोर्स-स्क्रिप्ट-नेम’ या सेटिंगने पुरवता येतो.